गावाचा रकाना

"नाव सांगा. वडिलांचं सांगा. आजोबांचं आठवत असेल तर तेही सांगा. आणि गाव."

रक्त द्यायला आलेला माणूस बाही वर करून बसलाय, दंडाला रबरी पट्टा आवळलाय, आणि आमचे दीक्षितसर सुई हातात धरून त्याला आजोबांचं नाव विचारतायत. मागे रांग पार जिन्यापर्यंत. मी शेजारच्या टेबलावरून ओरडायचे, "अहो सर, त्याला टोचायचंय की त्याची सोयरीक जमवायचीय?" त्यावर ते मान न वळवता म्हणायचे, "आहेरबाई, तुमच्या देवळा गावात कांदासुद्धा कुठल्या शिवारातला ते विचारून घेतात. मग माणसाला का नको विचारायला?"

आमच्या रुग्णालयाचं नाव सांगत नाही, नाशिकमधलं एक रुग्णालय एवढं पुरे. तिथल्या लॅबमध्ये नारायण दीक्षित आणि मी टेबलाला टेबल लावून सोळा वर्षं बसलो. ते सीनियर टेक्निशियन. मी ज्युनियर म्हणून लागले आणि ज्युनियरच राहिले, कारण हा माणूस निवृत्तीनंतरही मुदतवाढ घेऊन खुर्चीला चिकटलेला. उंच, थोडे पोक काढून चालणारे, कपाळाला गंधाची बारीक टिकली. चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी धुऊन उन्हात ठेवायचे. कुणी मायक्रोस्कोपच्या लेन्सवर तेल तसंच ठेवून गेलं तर संपलंच. "कुणाच्या लग्नाला उशीर होत होता?" असं सगळ्या लॅबला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारायचे. बहुतेक वेळा मीच असायचे. मग मी मुकाट्यानं पुसायचे, पण पुसता पुसता तोंड चालू असायचंच.

आजोबांचं नाव विचारायची खोड घरातून आलेली. पंचवटीत त्यांचं पुरोहिताचं घर. उत्तरेकडचे यजमान गोदावरीवर श्राद्धाला आले की त्यांची नावं, गाव, बापाची आणि आजाची नावं, सोबत कोण आलं, हे सगळं यांच्या घरच्या लांबट वह्यांत लिहून ठेवायची रीत. पन्नास वर्षांनी नातू आला की वही उघडून त्याला त्याच्या आजाचा अंगठा दाखवायचा. ते काम थोरले बंधू प्रभाकरभाऊ सांभाळत. धाकटे नारायणराव बी.एस्सी. करून लॅबमध्ये आले. "सुटलो त्या वह्यांतून," असं म्हणायचे खरे. पण टेबलाच्या खणात लाल कापडाच्या पुठ्ठ्याची तशीच लांबट वही होती. स्लाईडवर काही वेगळं सापडलं की त्या माणसाची नोंद तिच्यात व्हायची. नाव, वाडवडील, आणि गावाचा रकाना. तो रकाना अर्ध्या पानाएवढा रुंद आखलेला.

"गाव म्हणजे काय एकच असतं का बाई?" ते म्हणायचे. "माणूस जिथं जिथं झोपला ते सगळं त्याचं गाव. डास, माशी, पिसू चावायला येतात तेव्हा आधार कार्ड बघत नाहीत."

त्याचा अर्थ मला कळला तो चांदवडच्या दोन भावांमुळे.

दोघं बिहारचे, कांद्याच्या खळ्यावर गोण्या उचलायला आलेले. थोरल्याला अडीच महिने ताप. मलेरियाची औषधं झाली, टायफॉईडची झाली. आमच्याकडे आणला तेव्हा हातपाय काटक्या आणि पोट नगाऱ्यासारखं, प्लीहा बेंबीपर्यंत वाढलेली. सरांनी सुई बाजूला ठेवली आणि त्यांच्या त्या पंचवटी हिंदीत चौकशी सुरू केली. "गाँव कौन सा? घर मिट्टी का है? जानवर कहाँ बाँधते हैं?" थोरला बोलायच्या पलीकडे गेलेला. धाकट्यानं सांगितलं, "सारन जिला, साहब. गाय तो खटिया के बगल में ही बँधती है."

सर उठले आणि थेट डॉक्टरांकडे गेले. हाडातली मज्जा काढली, त्यांनीच स्लाईड केली, पाहिली आणि मला बोलावलं. जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशींच्या पोटात बारीक बारीक ठिपके, प्रत्येकाला शेजारी एक छोटीशी दांडी. काळा आजार. वाळूमाशीच्या चाव्यातून येणारा. मी पुस्तकात पाहिला होता, तेवढाच.

धाकट्याचं रक्त अँटिबॉडीज बघायच्या पट्टीवर टाकलं तर तेही पॉझिटिव्ह. पण गडी ठणठणीत. मी विचारलं, "एका घरात, एका खाटेवर झोपलेले, मग हा कसा सुटला?"

"सुटला नाही. दबलाय." सरांनी चहा बशीत ओतला. म्हणजे आता व्याख्यान. "माशी तीच, किडा तोच. आजार केवढा होणार ते किडा ठरवत नाही, आपलं शरीर ठरवतं. हा किडा कुठं राहतो? त्याला मारायला ठेवलेल्या पेशींच्याच पोटात. चोर थेट पोलीस चौकीत मुक्कामाला. आता वरून हुकूम आला की आतल्या आत मारा, तर चौकी मारते त्याला. धाकट्याकडे तो हुकूम सुटलाय. थोरल्याचं शरीर नुसत्या नोटिसा काढत बसलंय. अँटिबॉडीजचा ढीग! कागदी कारवाई. चौकीच्या आत बसलेल्याला नोटीस पोचणार कशी? तो तिथं पोरं वाढवतोय."

"म्हणजे धाकटा बरा झाला ना?"

"बरा म्हणू नका. पहारा आहे तोवर दबलेला राहील. पहारा उठला की येईल वर. वीस वर्षांनी, तीस वर्षांनीसुद्धा."

थोरला औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी गेला. आत रक्तस्राव झाला. धाकट्याला घेऊन सर स्वतः घाटावर गेले. प्रभाकरभाऊंनी विधी केला, काही न घेता. भाऊंनी सारणकडची वही काढली होती म्हणे. त्या पोराचं गाव तिच्यात नव्हतं, शेजारची गावं होती. वडील चैत्र-वैशाखात यजमानांकडे फिरतीवर जायचे, असं सरांनी मला दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं. मी "हो का," म्हटलं आणि भाजी वाढून घेतली. अजून ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पुढचा एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलं असतं माझं?

त्यानंतर तीनेक वर्षांनी सरांच्या किडन्या गेल्या. रक्तदाब जुना, साखर जुनी, आणि स्वतःचं रक्त तपासायला लॅबवाल्यांना कधी वेळ नसतो. मुलगा परदेशात, त्याचा गट जुळेना. सुनंदावहिनींचा जुळला. वहिनी शाळेत मराठी शिकवायच्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, नवऱ्याला भर लॅबमध्ये "अहो, डबा विसरलात, डोकं आणलंय ना?" असं विचारणाऱ्या. त्यांनी किडनी दिली आणि महिन्याभरात वर्गावर हजर झाल्या.

सर पाच महिन्यांनी परतले, मास्क लावून. मी म्हटलं, "या, अर्धे दीक्षित, अर्ध्या वहिनी." ते हसले. मग बसून मला नीट समजावलं, जणू मला ठाऊकच नव्हतं. "तिची वस्तू माझ्या शरीराला परकी. म्हणून सगळा पहारा गुंगीत ठेवायचा. दोन वेळा गोळ्या, जन्मभर." सकाळी नऊ आणि संध्याकाळी नऊ. सकाळी मोबाईलचा गजर झाला की हातातली स्लाईड असेल तशी ठेवून गोळी घ्यायचे आणि म्हणायचे, "सुनंदाचा निरोप आला." कुणी कितीही घाईचा रिपोर्ट मागू दे, त्या मिनिटाला ते कुणाचे नसत.

दोन वर्षं बरी गेली. मग ताप सुरू झाला.

बारीक ताप, रोज. वजन उतरायला लागलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या, मग प्लेटलेट्स. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं टीबी शोधला, बुरशी शोधली, कॅन्सर शोधला. मज्जासुद्धा काढली, पण ज्या गोष्टीचा संशयच नाही ती त्या नजरेनं कोण बघणार? टीबीची औषधं अंदाजानं चालू केली. असे सात महिने. प्रत्येक ठिकाणी भरायचा फॉर्म सर स्वतः भरत. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. नाव, नारायण. गाव, नाशिक.

शेवटी आमच्याच डॉक्टरांनी पुन्हा मज्जा काढली. स्लाईड माझ्याकडे आली. मी तेल टाकलं, लेन्स लावली, आणि तिसऱ्याच जागी हात थांबला. चांदवडच्या थोरल्याच्या स्लाईडवर शोधावे लागले होते, इथं शोधायची गरजच नव्हती. पेशी फुटेपर्यंत भरलेल्या. लेन्सवर डोळा ठेवून मी पुटपुटले, "नाही रे देवा." आणि डॉक्टरांना बोलवायला धावले.

परत येते तर सर माझ्या खुर्चीत. रक्त द्यायला खाली आले होते. समोर चालू मायक्रोस्कोप दिसल्यावर यांच्यानं राहवलं नाही. डोळा लावून बसलेले, स्लाईड सरकवतायत, आणि आवाजात कितीतरी दिवसांनी जान.

"आहेरबाई! काय स्लाईड आहे हो! इतके मी उभ्या जन्मात पाहिले नाहीत. याचा पहारा म्हणजे शून्य. एचआयव्ही बघितलं का? कोणाची आहे?"

डॉक्टर दारातच थांबले.

"गाव विचारलंत?"

"नाशिक म्हणतायत," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"शक्य नाही. नीट विचारा. झोपला कुठं कुठं ते विचारा. लोक सांगत नाहीत हो, त्यांना वाटतं..."

एवढं बोलून ते थांबले. स्लाईड हलवायचा हातही थांबला. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग काढला, खिशातला रुमाल घेतला, लेन्स पुसली. आणि स्लाईडच्या कडेचं लेबल वाचलं. ते वाचायची गरज नव्हती.

"नववीत होतो," ते म्हणाले. "वैशाखात वडिलांबरोबर गेलो होतो. दीड महिना. यजमानांच्या गोठ्यापाशी खाट टाकून द्यायचे आम्हाला, वारा लागतो म्हणून." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी बारीक आवाजात, "मी लिहिलंच नाही हो बाई."

पट्टीची चाचणीही केली. निगेटिव्ह आली. "बघा," सर म्हणाले, "इथं कागदी कारवाईसुद्धा नाही." हसायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना जमला नाही.

संध्याकाळी प्रभाकरभाऊ कापडात बांधलेली वही घेऊन वॉर्डात आले. वडिलांच्या अक्षरात गावांची यादी होती, आणि शेवटी 'सोबत चि. नारायण'. सात महिने डॉक्टर जे शोधत होते ते पंचवटीत भावाच्या कपाटात, लॅबपासून रिक्षानं दहा मिनिटांवर, लिहून ठेवलेलं होतं. भाऊ खाटेच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले. सर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

औषध होतं. पण ते किडनीला बाधणारं. आणि नुसत्या औषधानं भागणार नव्हतं. किडनीच्या डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "गुंगीच्या गोळ्या निम्म्यावर आणाव्या लागतील. शरीराचा पहारा थोडा तरी उठून उभा राहिला पाहिजे, नाहीतर किडा परत येणार. त्यात किडनी जाऊ शकते." वहिनी लगेच म्हणाल्या, "आणा निम्म्यावर." सरांनी मान हलवली. आम्हाला सगळ्यांना ती होकाराची वाटली.

पहिल्या औषधानं ताप उतरला. सर घरी गेले, दोन घास जेवायला लागले. मी देवळ्याहून आणलेली शेवग्याची शेंग त्यांनी आमटीत खाल्ली, असा वहिनींचा फोनही आला. मी मूर्ख, मला वाटलं सुटलो.

त्यांच्या रक्तातल्या गोळीची पातळी दर पंधरा दिवसांनी बाहेरच्या लॅबकडून तपासून यायची. रिपोर्ट माझ्या टेबलावर पडायचा. पहिला आला, पातळी जुनीच. म्हटलं, उतरायला वेळ लागत असेल. दुसरा आला, तीच. तिसरा घेऊन मी सरळ त्यांच्या घरी गेले. वहिनी शाळेत होत्या.

"सर, गोळी निम्मी केलीय ना?"

"केलीय की."

मी कागद पुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, घडी घातली. "तुम्हाला रिपोर्ट वाचायला शिकवलं ही चूकच झाली माझी."

"चेष्टा नको. का करताय हे? तुम्हीच मला शिकवलंत ना सगळं? बशी हातात घेऊन? पहारा, हुकूम, नोटिसा? मग स्वतःच्या वेळी काय झालं तुमच्या डोक्याला?"

मी ओरडत होते, आजारी माणसावर. ते शांत होते.

"आहेरबाई, पहाऱ्याला नुसतं परकं एवढंच कळतं. किडा कोण आणि सुनंदा कोण, ते कळत नाही. आला की दोघांवर येणार." मग म्हणाले, "तिनं कूस फाडून दिलीय हो. मी माझ्याच शरीराला कसं सांगू, खा म्हणून? तिला सांगू नका. शपथ आहे तुम्हाला."

मी शपथ घेतली नाही. सरळ शाळेत गेले आणि मधल्या सुट्टीत वहिनींना सांगितलं. घरी येऊन त्यांनी कपाट उपसलं, कपड्यांखाली दडवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून पदरात गोळा केल्या आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "मला नवरा हवाय. माझी किडनी राखायला मी गडी ठेवलेला नाही. मी दिली ना? मग ती गेली तर माझी जाईल. तुमचं काय जातंय?" बोलता बोलता आवाज फुटला. "अहो, ती गेल्याचं मला काही वाटणार नाही हो. तुम्ही गेल्यावर मी काय करू?"

त्या दिवसापासून गोळी वहिनींच्या हातून, मोजून. सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. निरोपसुद्धा वहिनींकडून.

शरीर उठलं. सगळं पाठ होतं सरांना, आणि झालंही अगदी तसंच, फक्त क्रम उलटा. पहाऱ्यानं आधी किडनी ओळखली. तीन आठवड्यांत वहिनींची किडनी बंद पडली. किडा ओळखायला मात्र त्याला सवड झाली नाही. पुन्हा ताप, पुन्हा मज्जा. ती स्लाईडही मीच पाहिली. तशीच भरलेली. दुसरं औषध दिलं, ते पचलं नाही. मी वेळेत सांगितलं असतं, पहिलाच रिपोर्ट आला तेव्हा, तर जमलं असतं का? की सांगितलंच नसतं तर निदान त्यांना हवी होती ती वस्तू त्यांच्याजवळ राहिली असती? डॉक्टर मॅडम म्हणतात, दोन्हीकडून तेच झालं असतं. त्या चांगल्या आहेत म्हणून म्हणतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्याच रुग्णालयात, सकाळी, डायलिसिसच्या खिडकीपाशी. त्यानंतर सहा दिवसांनी ते गेले. मी नमुन्यांचा ट्रे घेऊन चालले होते. सर चाकाच्या खुर्चीत, मागे वहिनी. अंगात काही उरलं नव्हतं, पण गंधाची टिकली जागेवर. मला पाहून म्हणाले, "आहेरबाई, ट्रे सरळ धरा, सांडेल." महिन्याभरानंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी तिथंच थांबले.

खिडकीत नवी मुलगी, नवा कॉम्प्युटर. सगळ्या जुन्या नोंदी नव्यानं भरणं चाललेलं. तिला बिचारीला हे कोण हे ठाऊक नव्हतं.

"काका, गाव?"

सर खुर्चीत सरळ बसले. "लिहा," ते म्हणाले. "नाशिक, पंचवटी. मुंजीनंतर त्र्यंबकला चार महिने. हरसूलला रक्त तपासणीच्या शिबिराला दोन मुक्काम, शाळेच्या व्हरांड्यात. मग बिहार. सारण जिल्हा. पिपरा. मठिया. मठियाच्या पुढे नदीकाठी एक टोला, वस्तीच म्हणा, त्याचं नाव आमच्या भावाच्या वहीत आहे, मी फोन करून विचारतो. तिथं गोठ्यापाशी अकरा दिवस..."

श्वास पुरत नव्हता, पण ते थांबत नव्हते. मागची रांग चुळबुळ करायला लागली. मुलगी घाबरून कीबोर्डवरचा हात काढून बसली.

"काका, एकच टाकता येतं हो. पुढं जागाच नाही."

"मग झोपलो कुठं कुठं, ते कुठल्या रकान्यात?"

"ते विचारत नाही काका आम्ही."

तिनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान हलवली. मुलीनं टाईप केलं. सरांनी चष्मा कपाळावर सारला, खिडकीच्या कट्ट्याला धरून पुढे वाकले आणि डोळा बारीक करून, स्लाईड बघायचे तसं, पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं.

"नाशिक," ते म्हणाले. मग बाही वर केली, आणि वहिनींनी खुर्ची आत ढकलली.